खडखड नेमकी कुठली?

सेकंडहँड बीएमडब्ल्यू एक्स-५ दारात आली, की आठवड्याभरात घरातलं कुणीतरी कान टवकारतंच. हा आवाज कसला?

जाणता मेकॅनिक लगेच पाना उचलत नाही. तो विचारतो, आवाज कधी येतो? ताशी 80 ते 110 किलोमीटरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं, तर पहिला संशय पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगवर. सीट थरथरली, तर मागची चाकं किंवा प्रॉपेलर शाफ्ट. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर आली, तर बहुधा डिस्क असमान झिजलेली असते. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही तसंच झालं, तर चाकांना दोष देऊ नये. इंजिनाचे माउंटिंग तपासावेत.

स्पीडब्रेकरवरची ‘टक-टक’ बहुतेकदा स्टॅबिलायझर लिंकची किंवा झिजलेल्या बुशची. हे त्यातल्या त्यात स्वस्तातलं दुखणं.

खरा खिसा कापतो तो ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरचे घेर जुळावे लागतात. आधीच्या मालकानं काटकसर म्हणून दोनच टायर बदललेले असले, तर या भागावर ताण येतो आणि हळू वळताना गाडी हादरते.

आणि हो, गॅरेजला जाण्याआधी डिकीतली हत्यारं घट्ट बसवली आहेत ना, तेवढं बघावं.