गिअरमध्ये असताना सेल्फ मारला तर



उतारावर गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा आणि वर पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकून ठेवायचा, असे आपल्याकडे शिकवतात, आणि ते योग्यच आहे. बंद इंजिनातला दाब चाकांना धरून ठेवतो. पण रात्री टाकलेला गिअर सकाळी तसाच असतो. तेव्हा क्लच न दाबता कोणी सेल्फ मारला, तर गाडी हिसका देऊन सरकते. त्यावर ठरलेले उत्तर ऐकू येते : सरकेल आणि बंद पडेल, त्यात काय एवढे? हा दिलासा जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या मॅन्युअल गाडीत त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. म्हणून ऑटोमॅटिक गाडीला जे कुलूप मिळाले, ते मॅन्युअल गाडीलाही मिळायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

सेल्फ म्हणजे साधारण एक किलोवॉटची विजेची मोटर. तिचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन मिनिटाला सुमारे 200 फेरे घेऊ लागते. क्लच दाबलेला नसेल आणि गाडी गिअरमध्ये असेल, तर हेच फिरणे थेट चाकांपर्यंत पोचते. लहान मोटारीत पहिल्या गिअरला इंजिनाच्या साधारण 14 फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा पडतो आणि चाकाचा परीघ पावणेदोन मीटरच्या आसपास असतो. हिशेब करून पाहा. नुसत्या सेल्फवर तीन सेकंदांत गाडी सव्वा मीटर जाते. समोरच्या भिंतीशी कोणी वाकून काही उचलत असेल, तर एवढे अंतर पुरेसे आहे. इंजिन पेटले, तर 800 फेऱ्यांवर वेग ताशी सहा किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. कार्बोरेटरचे थंड इंजिन या ओझ्याखाली सहसा गुदमरून बंद पडे. इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात फेरे घसरू लागले की संगणक लगेच हवा आणि इंधन वाढवून ते सावरतो. इंजिन बंद पडू नये म्हणून केलेली ही उत्तम सोय गिअरमध्ये राहिलेल्या गाडीला पुढे नेत राहते. इंजिन सुधारले आणि जुनी बेफिकिरी मात्र तशीच राहिली.

आता ऑटोमॅटिक पाहू. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते, आणि त्या तेलाला दाब देणारा पंप इंजिन फिरले तरच चालतो. इंजिन थांबलेले असताना आतले क्लच सुटे असतात. आजची अशी गाडी धक्का मारून चालू होत नाही, त्याचे कारण हेच. मॅन्युअलमध्ये चाके इंजिनाला फिरवू शकतात, आणि तोच दुवा उलट दिशेने सेल्फला चाके फिरवू देतो. अर्थात ऑटोमॅटिकमध्येही इंजिन पेटताच तेलाला दाब येतो आणि दांडा ‘डी’वर असेल तर गाडी निघते. त्यामुळे दांडा पार्क किंवा न्यूट्रलवर नसेल तर सेल्फची वीजच तोडणारा स्विच या गाड्यांत असतो. अमेरिकेच्या 102 क्रमांकाच्या सुरक्षा मानकाने 1968 पासून ऑटोमॅटिक गाड्यांना हे बंधन घातले. त्या मानकातली ही अट मॅन्युअलला मात्र लागू नव्हती. जिथे जोडणी थेट लोखंडाची, तिथेच भरवसा माणसाच्या आठवणीवर ठेवला गेला. हे उलटे झाले. आपल्याकडे 2014 मध्ये मारुती सेलेरिओतून एएमटी आली. तिच्या पोटात मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि क्लच आहे, फक्त ते हलवण्याचे काम यंत्र करते. तरीही ती न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक दाबल्यावरच चालू होते. तोच गिअरबॉक्स माणसाच्या हाती असला की हे कुलूप अनावश्यक कसे ठरते?

अनेक नव्या मॅन्युअल गाड्यांत, विशेषतः बटणाने चालू होणाऱ्यांत, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. त्यावरचा एक आक्षेप तांत्रिक आणि खरा आहे. क्लच दाबला की क्रँकशाफ्ट थ्रस्ट बेअरिंगवर रेटला जातो, आणि त्या क्षणी तिथे तेल पुरते पोचलेले नसते. पण हा भार एखाद-दोन सेकंदांचा असतो, आणि थंडीत गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचे ओझे सेल्फवरून उतरते हा फायदाही आहे. रेल्वे फाटकात बंद पडलेली गाडी पूर्वी सेल्फवर बाहेर काढता येई, ती सोय जाते, असेही म्हणतात. जाते, हे खरे. पण न्यूट्रल करून ढकलण्याचा मार्ग उरतो, आणि क्वचितच्या त्या प्रसंगासाठी रोजचा धोका पत्करणे मला पटत नाही. यंत्राने सांभाळले की माणूस निष्काळजी होतो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कारण स्विचला फक्त क्लच दाबलेला कळतो. पाय सोडल्यावर गाडी गिअरमध्ये असेल तर ती निघणारच. म्हणून स्विच हवा, आणि सवयही हवीच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 15व्या नियमात, चालक-चाचणीत उमेदवाराने इंजिन सुरू करण्यापूर्वी योग्य ती खबरदारी घ्यावी, असे म्हटलेले आहे. ही खबरदारी प्रत्येक शिकाऊ चालकाकडून पहिल्या दिवसापासून करून घ्या, अशी प्रशिक्षकांना माझी विनंती आहे : पाय ब्रेकवर, क्लच तळापर्यंत, दांडा डावी-उजवीकडे मोकळा हलतो का ते पाहायचे, मगच किल्ली. आणि आपण सर्वांनी एवढे तरी पाळावे, की दाराबाहेर उभे राहून, खिडकीतून हात घालून गाडी चालू करायची नाही, आणि उभ्या गाडीची किल्ली मुलांच्या हाती द्यायची नाही.