माळ्यावरची ठासणी



जामनेर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या धाब्याच्या घरात वाटणी चालू असते आणि माळ्यावरून ठासणीची बंदूक निघते. दस्त्याला वाळवी लागलेली, नळी गंजलेली, घोडा अडकलेला. पणजोबांच्या हातची म्हणून कुणाला ती बैठकीत टांगायची असते, कुणाला हौशी संग्राहकाला विकायची असते. शंभर वर्षांच्या वस्तूला कसला आलाय परवाना, यावर मात्र घरात सगळ्यांचं एकमत. हा समज अगदी चुकीचा आहे आणि सरळमार्गी माणसाला तो फौजदारी खटल्यात गोवू शकतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ४५ आहे. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार या कायद्यातून वगळलं आहे, असं ते सांगतं. लोक इथपर्यंतच ऐकतात. पुढची अट अशी, की ते हत्यार आहे त्या स्थितीत तर नाहीच, पण दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणारं नसावं.

आता ठासणीची रचना पाहा. तोंडाकडून दारू भरायची, वर छर्रे सोडायचे, गजानं ठासायचं. मागच्या बोंडीवर तांब्याची बारीक टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी बोंडीच्या भोकातून दारूपर्यंत पोचते. इतकंच यंत्र. घोड्याची कमान तुटली तर नवी बसते, गंज घासून निघतो. म्हणून नुसतं गंजलेलं असणं पुरत नाही. उलट याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ती जिवंत बंदूकच. विनापरवाना बाळगली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड.

पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा वेगळा. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू त्यात येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या पुतण्याच्या सामानात असली बंदूक देऊ नका. पण त्या कायद्यामुळे शस्त्र परवान्यातून सुटका होत नाही.

विक्रीचं म्हणाल, तर बंदूक विकणाऱ्याकडे कायदेशीर असली पाहिजे आणि घेणाराही ती बाळगायला कायद्यानं पात्र हवा. विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. मगच ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. भंगारवाल्याला किलोच्या भावानं देणं किंवा मोबाइलवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधणं, या वाटेला जाऊच नये. एका परवानाधारकाला आता जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशानं आलेलीही त्यातच मोजली जाते. संग्रहाची आवड असणाऱ्यांना ही मर्यादा जाचते, हे मला समजतं.

मला खरी हळहळ वाटते ती इतिहासाची. खानदेशात १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली, ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली आणि १८७८ मध्ये इंग्रजांनी शस्त्रांचा कडक कायदा आणला. एवढ्या उलथापालथीतून वाचलेली बंदूक भीतीपोटी विहिरीत फेकली जाणं वाईट. तिची लांबी मोजा, चापाजवळच्या पत्र्यावरची अक्षरं आणि खुणा टिपून ठेवा, फोटो काढा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी येणाऱ्या अभ्यासकांना अशा नोंदींचा उपयोग होईल.

परवानाधारक वारले असतील, तर बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. मग वारसानं परवान्यासाठी अर्ज करायचा. हयात परवानाधारकालाही सत्तरी गाठल्यावर, किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगल्यावर, वारसाचं नाव सुचवता येतं. कागदच सापडत नसतील, तर आधी वकिलाला विचारा आणि ती बंदूक घेऊन गावभर दाखवत फिरू नका.