सिलिकॉनवर उतरण्यापूर्वी

१९९४ साली पेंटियम चिपमधील भागाकाराची चूक उघडकीस आली आणि इंटेल कंपनीला सुमारे ४७.५ कोटी डॉलरांची झळ सोसावी लागली. सिलिकॉनवर उतरलेली चूक पाटीवरच्या अक्षरासारखी पुसता येत नाही. आराखड्याची परीक्षा आधीच घ्यावी लागते. पवईच्या आय. आय. टी.ने त्यासाठी ‘ई-सिम’ हे साधन विनामूल्य खुले केले आहे. पांढुर्णा भागातील तिगावच्या विद्यार्थ्यालाही ते आपल्या संगणकावर बसविता येते. मात्र ते एकटे येत नाही. आकृती काढण्यास कीकॅड, अंकीय भाग तपासण्यास जी. एच. डी. एल. अशी भावंडे सोबत असतात. दुसरे मागे राहिले, तर आकृती उमटते, परीक्षा होत नाही. तेव्हा नुसत्या आकृतीने हुरळून न जाता प्रथम साधे ‘अँड’ गेट तपासावे: दोन्ही संकेत एक, तरच उत्तर एक. चारही उत्तरे जुळली, की साधन नीट बसले.