शंभर रुपयांची कपात : अनुदानाच्या मागण्या आणि लोकसभेचा अधिकार



संसदेच्या सभागृहाला आपले मत व्यक्त करावयाचे असो वा एखादा निर्णय घ्यावयाचा असो, त्यासाठी कोणा तरी सदस्याला प्रस्ताव मांडावा लागतो. भाषण कितीही प्रभावी झाले, तरी सभागृहापुढे प्रस्ताव नसेल तर ते त्या सदस्याचे मत ठरते, सभागृहाचे नव्हे. पूर्वसूचना, अध्यक्षांनी ती दाखल करून घेणे, सदस्याने प्रस्ताव मांडणे, त्यावरील चर्चा आणि अखेरीस मतदान, असा हा क्रम आहे. आवाजी मतदानाचा कौल मान्य नसल्यास सदस्य मतविभागणी मागू शकतात. 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक प्रस्ताव 269 विरुद्ध 270 मतांनी फेटाळला गेला, तो अशाच मतविभागणीत.

स्वतंत्र, पर्यायी आणि आनुषंगिक हे प्रस्तावांचे वर्गीकरण पाठ्यपुस्तकांत आढळते. लोकसभेच्या नियम 184 खालील चर्चा मतदानाने संपते, तर नियम 193 खालील अल्पकालीन चर्चेत मतदान नसते. म्हणूनच चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यावी यावरून सरकार आणि विरोधक यांच्यात अनेकदा वाद होतो. वृत्तपत्रांतील सर्वाधिक जागा मात्र अविश्वास प्रस्तावाच्या वाट्याला येते. आचार्य कृपलानी यांनी ऑगस्ट 1963 मध्ये नेहरू सरकारविरुद्ध मांडलेल्या पहिल्या प्रस्तावापासून ही परंपरा चालत आली आहे. तथापि, सरकारी तिजोरीशी ज्याचा थेट संबंध आहे असा प्रस्ताव वेगळाच असून त्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. तो म्हणजे कपात प्रस्ताव. महाराष्ट्र विधानमंडळात त्यालाच कपात सूचना म्हणतात.

हा अधिकार भारतीय प्रतिनिधींना सहजासहजी मिळालेला नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले, त्या वेळी 1892 च्या कायद्यानुसार सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येत होते. त्यावर मत देता येत नव्हते. जनता विपन्नावस्थेत असताना सरकारने शिलकी अर्थसंकल्प मांडावेत, यावर गोखल्यांनी आकडेवारीनिशी टीका केली आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. 1903 मध्ये हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. परंतु मागणी कितीही सयुक्तिक असली, तरी ती मान्य करणे हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते. 1909 च्या सुधारणांनी अर्थसंकल्पावर ठराव मांडण्याची मुभा दिली आणि 1919 च्या कायद्याने खर्चाच्या काही भागावर मतदानाचा हक्क दिला. कपात प्रस्तावाची पार्श्वभूमी ही आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 113 नुसार खर्चाचे अंदाज अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने लोकसभेपुढे येतात. मागणी संमत करणे, नाकारणे किंवा तीतील रक्कम कमी करणे, हे तीनही अधिकार लोकसभेला आहेत. राज्यसभेला या मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम 209 मध्ये कपातीचे तीन प्रकार सांगितले आहेत. मागणीची रक्कम एक रुपयापर्यंत खाली आणावी, असे सुचविणारी धोरणविषयक कपात ही मागणीमागील धोरणच अमान्य असल्याचे दर्शविते. असा सदस्य पर्यायी धोरणाचा पुरस्कार करू शकतो. काटकसरीच्या कपातीत किती रक्कम वाचविता येईल, हे नेमके नमूद करावे लागते. सांकेतिक कपातीत मागणीतून केवळ शंभर रुपये कमी करावेत असे म्हटले जाते आणि त्यायोगे केंद्र सरकारच्या अखत्यारीतील एखादे विशिष्ट गाऱ्हाणे सभागृहापुढे येते.

एक रुपया आणि शंभर रुपये हे आकडे परीक्षार्थी पाठ करतात, परंतु रक्कम एवढी क्षुल्लक का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर घटनेतच आहे. राष्ट्रपतींच्या, म्हणजे वस्तुतः सरकारच्या, शिफारशीवाचून अनुदानाची कोणतीही मागणी करता येत नाही. त्यामुळे सदस्य खर्च घटविण्यास सुचवू शकतो, वाढविण्यास नाही. शिक्षणावरील तरतूद अपुरी आहे असे ज्याचे मत आहे, त्यालाही शिक्षणाच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत असाच प्रस्ताव द्यावा लागतो आणि तरतूद वाढविण्याची आवश्यकता हे त्याचे कारण म्हणून नमूद करावे लागते. ही विसंगती नव्हे. तिजोरीचा समतोल राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्यानेच खर्चाचा प्रस्ताव आणावा, या तत्त्वाचा तो परिणाम आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे तत्त्व योग्यच आहे. अन्यथा प्रत्येक सदस्य आपल्या मतदारसंघासाठी तरतूद वाढवून मागेल आणि तुटीचा हिशेब मात्र कोणीच देणार नाही.

या अधिकारालाही मर्यादा आहेत. एका प्रस्तावात एकच विषय असावा, त्यात युक्तिवाद वा उपरोध नसावा, न्यायप्रविष्ट बाब नसावी, या अटी नियम 210 मध्ये आहेत. त्याहून महत्त्वाची अट अशी, की संचित निधीवर भारित असलेल्या खर्चाबाबत कपात प्रस्ताव देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन किंवा महालेखापरीक्षकांचे वेतन भारित असावे, हे त्यांच्या स्वातंत्र्यासाठी आवश्यकच आहे. परंतु सरकारी कर्जावरील व्याजही भारित खर्चच होय. 2023-24 च्या अर्थसंकल्पात सुमारे 45 लाख 3 हजार कोटी रुपयांच्या एकूण खर्चापैकी सुमारे 10 लाख 80 हजार कोटी रुपये व्याजासाठी होते. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा मतदानाच्या कक्षेबाहेरच राहिला. आज घेतलेले कर्ज उद्याच्या लोकसभेचा अधिकार आकुंचित करते, ही बाब राजकोषीय तुटीच्या चर्चेत फारशी येत नाही.

कपात प्रस्ताव संमत झाल्यास सरकारने विश्वास गमावला असे मानण्याचा संकेत आहे. त्यामुळे बहुमतातील सरकारविरुद्ध तो संमत होणे दुरापास्तच असते. 2010-11 च्या अर्थसंकल्पात पेट्रोल व डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे एक रुपयाने वाढविण्यात आले, तेव्हा विरोधी पक्षांनी कपात प्रस्ताव आणले. 27 एप्रिल 2010 रोजी झालेल्या मतविभागणीत प्रस्तावाच्या बाजूने 201 आणि विरोधात 289 मते पडली. प्रस्ताव फेटाळला गेला. मात्र महागाईच्या प्रश्नावर कोणता पक्ष कोठे उभा आहे, याची अधिकृत नोंद झाली. सभात्याग करणाऱ्या पक्षांचीही भूमिका त्या दिवशी उघड झाली.

मागण्यांच्या चर्चेसाठी दिवस ठरवून दिलेले असतात. शेवटच्या दिवशी नियोजित वेळ होताच उर्वरित सर्व मागण्या अध्यक्ष चर्चेविना मतास टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. वेळ मर्यादित असल्याने दरवर्षी काही मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते, हे एकवेळ समजण्यासारखे आहे. परंतु मार्च 2018 मध्ये आणि पुन्हा मार्च 2023 मध्ये सभागृहातील गदारोळात सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना संमत झाल्या. त्याचा दोष केवळ सत्ताधाऱ्यांना देऊन चालणार नाही. कामकाज बंद पाडणारा विरोधी पक्ष कपात प्रस्तावाचे आपलेच शस्त्र म्यान करतो.

1993 मध्ये विभागसंबद्ध स्थायी समित्या नेमण्यात आल्या, त्या हीच उणीव भरून काढण्यासाठी. प्रारंभी 17 असलेल्या या समित्यांची संख्या 2004 मध्ये 24 झाली. अधिवेशनाच्या मध्यंतरात त्या मंत्रालयांच्या मागण्या बारकाईने तपासतात, सचिवांना प्रश्न विचारतात, गतवर्षीचा निधी अखर्चित का राहिला याचा जाब विचारतात. हे काम पक्षभेद बाजूला ठेवून आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापासून दूर चालते. मात्र समितीच्या अहवालात कपात प्रस्तावाच्या स्वरूपाची कोणतीही सूचना असू नये, असे नियमच सांगतो. मागण्यांचा सखोल अभ्यास करणाऱ्या समितीला कपात सुचविण्याचा अधिकार नाही. आणि ज्या सभागृहाला तो आहे, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत बहुतेक मागण्यांसाठी वेळ नसतो.