खाऱ्या तळ्याकाठचे मैदान

श्रोतेहो, गोल्फ हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रातल्या छायाचित्रातच पाहिला असेल. तेव्हा आधी दोन शब्द त्या खेळाविषयी. आपली मुले गोट्या खेळताना जमिनीत गल करतात आणि गोटी नेमकी त्या गलीत घालतात. गोल्फही त्याच जातीचा खेळ म्हणा ना! फक्त अंगणाऐवजी शेकडो पावलांचे मैदान, बोटाऐवजी हातात काठी, आणि एका गलीऐवजी अठरा भोके. कमीत कमी टोल्यांत चेंडू एकामागून एक अठराही भोकांत घालायचा, की खेळ संपला. भोकाभोवतीचे गवत गालिच्यासारखे बारीक कापलेले असते. तिला आपण हिरवळ म्हणू. तिथवर पोचवणारा कापलेल्या गवताचा रुंद पट्टा, ती वाट. आता तुमच्या ध्यानात येईल, की या खेळात जेवढा हात खेळणाऱ्याचा, तेवढाच गवत राखणाऱ्या माळ्याचा. हिरवळ उंचसखल असली, तर कसलेल्या खेळाडूचाही चेंडू वाकडा जातो.

हा खेळ श्रीमंतांचा, असा आपला समज आहे. आपल्या देशात तो साहेबाबरोबर आला. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. त्यामुळे तसा समज होणे साहजिकच आहे. पण त्याचे मूळ पाहाल तर ते स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, गावाच्या मोकळ्या जमिनीवर आहे. शेते संपतात आणि पुळण सुरू होते, यांच्या मधल्या वाळवट पट्ट्यात नांगर चालत नसे. तिथे मेंढ्या चरत आणि गावकरी चेंडू मारीत. सेंट अँड्र्यूज या गावाचे जगप्रसिद्ध जुने मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि कोणीही पोराबाळांना घेऊन त्या हिरवळीवर हिंडू शकतो.

अशाच एका सार्वजनिक मैदानाची हकीकत आज सांगायची आहे. हे मैदान अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिणेला पॅसिफिका नावाच्या गावी आहे. नाव शार्प पार्क. पश्चिमेला प्रशांत महासागर, दक्षिणेला समुद्रात घुसलेला डोंगराचा सुळका, पूर्वेला टेकड्या, मध्ये सायप्रसची वाऱ्याने वाकलेली झाडे आणि एक तळे. धुके उतरले की समोरचा माणूस दिसत नाही, आणि धुके उठले की नजर हटत नाही, अशी ती जागा.

शार्प घराण्याकडून १९१७ साली ही जमीन सॅन फ्रान्सिस्को शहराला दान मिळाली. अट एकच होती, की ती कायम सार्वजनिक बाग किंवा क्रीडांगण म्हणूनच राहावी. शहराने तिथे गोल्फचे मैदान आखायला माणूस बोलावला तोही अव्वल. त्याचे नाव अ‍ॅलिस्टर मॅकेंझी. हा गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर. बोअर युद्धात असताना शत्रूचे खंदक जमिनीत कसे बेमालूम लपलेले असतात, हे त्याने बारकाईने पाहिले होते. पुढे मैदाने आखताना तीच नजर त्याच्या कामी आली. माणसाने घडवलेली जमीन निसर्गानेच तशी केली असावी असे वाटले पाहिजे, हा त्याचा कटाक्ष. जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा नॅशनल, कॅलिफोर्नियातले सायप्रस पॉइंट ही धनिकांची मैदाने त्याच्याच हातची. पण शार्प पार्क १९३२ साली खुले झाले ते सर्वांसाठी. ज्याच्या खिशात माफक फी आहे, त्याने यावे आणि खेळावे.

आता इथे खेळून गेलेल्या लोकांचे म्हणणे ऐका. मोठी गमतीची गोष्ट आहे बरं का! एकच माणूस एका श्वासात स्तुती करतो आणि दुसऱ्या श्वासात कुरकुर करतो.

स्तुती अशी, की असा वारा, असा लाटांचा आवाज आणि अशी आखणी एवढ्या पैशांत दुसरीकडे मिळायची नाही. याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला पेबल बीच म्हणून एक नामांकित मैदान आहे. तिथे एकदा खेळायचे तर आज सहाशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. म्हणून शार्प पार्कला काही जण कौतुकाने ‘गरिबांचे पेबल बीच’ म्हणतात. इथे म्हातारेकोतारे येतात, नोकरीवरून सुटलेले येतात, नवशिके येतात. मैदान सपाट, पायी चालायला सोपे. कोणी कपड्याकडे पाहत नाही, की कोणी घाई करीत नाही.

आणि कुरकुर? हिवाळा हा तिकडचा पावसाळा. त्या दिवसांत चेंडू पडतो तो चिखलात रुततो. वाटांवर गवतापेक्षा तणच जास्त. चेंडू ठेवून पहिला टोला मारायची जागा बोडकी झालेली. हिरवळी कुठे मंद, कुठे खडबडीत. दुसऱ्या गावाहून मुद्दाम आलेला खेळाडू म्हणतो, मॅकेंझीचे नाव ऐकून आलो आणि ही काय दशा! रोज येणारा म्हातारा म्हणतो, अहो, इथली माती सुटणार नाही आपल्याला, पण जरा निगा राखायला काय होते यांना?

आणखी एक तक्रार तर ऐकण्यासारखी आहे. समुद्राकाठचे मैदान म्हणून यावे, तर समुद्र फारसा दिसतच नाही! मध्ये मातीचा उंच बांध आहे. लाटा ऐकू येतात, खारा वारा तोंडाला लागतो, पण पाणी पाहायचे तर बांधावर चढावे लागते.

मंडळी, आपला खरा विषय या बांधापासून सुरू होतो. निगा नाही, एवढे बोलून मोकळे होणे सोपे आहे. ती का नाही, हे शोधू लागलो की एकेक पदर उलगडतो.

पहिला पदर समुद्राचा. मॅकेंझीने काही भोके अगदी पुळणीला लागून आखली होती. काही ठिकाणी खेळणाऱ्याला दोन वाटा ठेवल्या होत्या, एक धाडसाची आणि एक सावधपणाची. पण मैदान सुरू होऊन पुरती दहा वर्षेही झाली नसतील, तोच वादळांनी किनाऱ्याची ती भोके खाल्ली. मग १९४१ च्या सुमारास बांध घालायला घेतला. गेलेल्या भोकांच्या बदल्यात हमरस्त्याच्या पलीकडे, टेकडीच्या बाजूला चार नवी भोके केली. म्हणून आजही खेळाडू रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे जातो, चार भोके खेळतो आणि परत समुद्राकडे येतो. तेव्हा जो बांध समुद्र झाकतो म्हणून आपण रागावतो, त्याच्याचमुळे उरलेले मैदान उरले आहे.

दुसरा पदर पाण्याचा. कोकणातल्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. खारबंदिस्तीचा बांध भरतीचे पाणी बाहेर ठेवतो, पण आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी लागते. उघाडी बिघडली की शेत बुडाले. शार्प पार्कची गत तशीच आहे. टेकड्यांवरून आलेले पाणी सखल भागातल्या तळ्यात साठते. त्या तळ्याचे नाव लागुना सलादा, म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘खारे तळे’. पुढे समुद्राचा बांध असल्याने ते पाणी पंपाने उपसून बाहेर टाकावे लागते. पंप थांबला, की तळे फुगून गवतावर येते आणि खेळाडूचे बूट भरतात.

आपण म्हणाल, मग चालवा की पंप रात्रंदिवस! इथे येतो तिसरा पदर, आणि तो आहे एका बेडकाचा.

त्या तळ्यात लाल पायांचा बेडूक राहतो. पश्चिम अमेरिकेतला हा सर्वांत मोठा देशी बेडूक. मार्क ट्वेन या विनोदी लेखकाने १८६५ साली उड्या मारणाऱ्या बेडकाची जी गोष्ट लिहून नाव मिळवले, तो बेडूक याच जातीचा असावा असे मानतात. एके काळी अमाप असलेला हा प्राणी इतका कमी झाला, की १९९६ साली सरकारने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. त्याच्यावर जगणारा एक सुंदर, लाल-काळ्या पट्ट्यांचा साप याच परिसरातला. माणसाला निरुपद्रवी असलेला हा साप तर १९६७ पासूनच नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

आता पेच पाहा. हा बेडूक हिवाळ्यात, म्हणजे नेमका तिकडच्या पावसात, अंडी घालतो. अंड्यांचा पुंजका पाण्याच्या पृष्ठभागालगत लव्हाळ्याला चिकटवलेला असतो. पंपाने पाणी झपाट्याने खाली नेले, की पुंजका उघडा पडतो, वाळतो, आणि शेकडो पिले जन्मण्याआधीच मरतात. म्हणजे ज्या महिन्यांत खेळाडूला पंप हवा, त्याच महिन्यांत बेडकाला तो नको! गवत कापायच्या यंत्राखाली साप सापडू नये म्हणून तळ्याकाठी यंत्र जपून चालवावे लागते. खेळाडूला जे आळशी माळ्याचे माजलेले गवत वाटते, त्यातला काही भाग असा जाणूनबुजून राखलेला असतो.

यात आणखी एक मौज आहे. मैदानाच्या बाजूचे लोक म्हणतात, की तळे पूर्वी मचूळ होते. समुद्राचा बांध आला, पाणी गोडे झाले, म्हणूनच बेडकाला इथे घर मिळाले. निसर्गरक्षकांना हे पटत नाही. ते म्हणतात, तळे आणि पुळण मोकळी करा, निसर्ग आपले आपण पाहून घेईल.

हे भांडण चांगलेच पेटले. २०११ साली निसर्गरक्षक संस्था न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात शहराच्या प्रतिनिधींनी बहुमताने असा ठराव केला, की शहराने ही जागा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या हाती सोपवण्याकडे वळावे. महापौर एड ली यांनी आपला अधिकार वापरून तो ठराव अडवला. २०१२ च्या अखेरीस न्यायालयाने दावा काढून टाकला. मधल्या काळात केंद्राच्या वन्यजीव खात्याने पंप कसा चालवावा, गवत कुठे व कसे कापावे, याच्या अटी घालून दिल्या होत्या. मैदान राहिले, पण अटींसह राहिले.

चौथा पदर पैशाचा आणि मालकीचा. जमीन सॅन फ्रान्सिस्कोची, पण ती आहे दुसऱ्या गावाच्या हद्दीत. ज्या शहराने खर्च करायचा, त्याच्या मतदारांना ती रोज दिसत नाही. ज्यांना रोज दिसते, त्यांच्या हाती तिजोरी नाही. त्याच शहराच्या मालकीचे हार्डिंग पार्क नावाचे दुसरे मैदान आहे. ते मोठा खर्च करून २००३ साली नव्याने उघडले. तिथे २००९ आणि २०२० साली जगातले नामवंत खेळाडू स्पर्धांसाठी उतरले. शार्प पार्कचे खेळाडू हे पाहतात आणि म्हणतात, एक लेक सख्खी आणि एक सावत्र! आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल?

पण याच खेळाडूंची एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. मैदान जाणार असे दिसताच ही कुरकुर करणारी माणसे एकत्र आली. त्यांनी संघटना केली, सभांना हजर राहिले, वकिली जाणणाऱ्यांनी न्यायालयात बाजू मांडली. खराब हिरवळीची तक्रार करणारा तोच, आणि मैदानासाठी उभा राहणाराही तोच. ज्याला जागेची ओढच नव्हती, त्याने एकदा नाक मुरडले आणि दुसरीकडे खेळायला गेला. त्याची तक्रार खोटी नव्हती, पण ती तिथेच संपली.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात ही हकीकत एका प्रश्नासारखी ठेवून पाहा. पाणी उपसावे की राहू द्यावे? मुलांचे दोन गट करा, एकाला खेळाडूची बाजू द्या, दुसऱ्याला बेडकाची. अर्ध्या तासाने बाजू बदला. कोणताच गट दुष्ट नाही आणि कोणाचेच म्हणणे पुरते खोटे नाही, हे मुलांना आपोआप कळेल. सार्वजनिक कामातले बहुतेक पेच असेच असतात.

आणि गावकरी मंडळींनो, आपल्याकडे गोल्फचे मैदान नसेल, पण गावतळे आहे, गायरान आहे, शाळेचे पटांगण आहे. त्यांची दशा पाहून ‘कोणी लक्ष देत नाही’ असे आपण पारावर बसून म्हणतोच. ते म्हणायलाही हरकत नाही, कारण तक्रार हीदेखील एक प्रकारची नजर आहे. फक्त तिच्या पाठोपाठ चार प्रश्न विचारावेत. ही जागा कागदोपत्री कोणाची? तिचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? आपल्याखेरीज तिथे आणखी कोण जगते? आणि खर्चाचा पैसा कोणाच्या हातात आहे? या चारांची उत्तरे मिळाली, की तक्रार कुठल्या दारी न्यायची ते समजते.

शार्प पार्कचा निकाल अजून पुरता लागलेला नाही. समुद्राची पातळी वाढते आहे, बांध किती वर्षे टिकेल हा प्रश्न उभा आहे, आणि तो उंच करावा की समुद्राला वाट द्यावी यावर मते दुभंगलेली आहेत. तोवर धुक्यातून माणसे येतात, चिखलात रुतलेला चेंडू पुसतात, हिरवळीला नावे ठेवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात.