स्फुरद ओलीत पेरा

सिन्नर-येवल्याकडं कोरडवाहू हरभरा पेरताना सुपर फॉस्फेट वर फेकू नका. नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं. स्फुरद मात्र पडल्या जागेवरून फारसं हलत नाही. मातीच्या कणांभोवती ओलीचा पातळ थर असतो, त्यातूनच ते मुळापर्यंत सरकतं. ओल उडाली की वाट तुटते. खत जमिनीत असूनही पीक उपाशी राहतं. चुनखडीच्या रानात तर ते चुन्याशी बांधलंही जातं. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीनं खत बियाण्याच्या खाली दोन-तीन बोटं, ओलीत पेरा. 16 टक्के स्फुरदाच्या 50 किलो पोत्यात 8 किलोच स्फुरद मिळतं. ते वरच्या कोरड्या ढेकळांत पडलं, तर पैसा मातीत गेला समजा.