एकदां मागितलेलें पुन्हां पुन्हां कां येतें?

राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वीं ६ होता व आतां ५३ आहे, साकोली ओलांडून छत्तीसगडच्या सीमेकडे निघाला म्हणजे वाटेंत देवरी लागते. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा निराळा झाला, त्यांतील हा तालुका. गांवांत रेल्वे नाहीं. आगगाडी गांठावयाची तर आमगांवास जावें लागतें. परंतु जी वस्तु पूर्वीं पार्सलानें मागवावी लागली असती, ती आतां तारेनें अथवा हवेंतून थेट घरांतील संगणकावर येऊन पडते. अडचण एवढीच कीं ती कधीं कधीं एकदां येऊन थांबत नाहीं.

समजा, अशा गांवांतील एक घर आहे. वडील शिक्षक, मुलगी महाविद्यालयांत, आणि मुलास संगणकाचा नाद. मुलानें लिनक्स या मुक्त प्रणालीच्या नव्या आवृत्त्या व इंटरनेट अर्काइव्हवरील जुनीं ध्वनिमुद्रणें आपोआप यावींत अशी व्यवस्था लावून ठेविली. महिनाअखेर आली, आणि इंटरनेटचा वेग एकाएकीं मंदावला. मुलीला महाडीबीटीच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा आहे, मुदत उद्यां संपते, आणि जातीचा दाखला कांहीं केल्या वर चढत नाहीं. संगणक उघडून पाहतात तों चार जीबीची एकच वस्तु तीन वेळां उतरलेली व चौथ्यांदां निम्मी आलेली! सारा दोष मुलाच्या माथीं येतो. तो बिचारा म्हणतो, ‘मीं एकदांच सांगितलें होतें.’ आणि त्याचें म्हणणें अगदीं खरें असतें.

असें कां होतें हें समजण्यास दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली बिटटॉरेंट. २००१ सालीं ब्रॅम कोहेन या अमेरिकन गृहस्थानें ही पद्धति पुढें आणिली. मोठी वस्तु सर्वांनीं एकाच दुकानावर गर्दी करून न घेतां, तिचे तुकडे करावेत, आणि ज्यास जो तुकडा मिळाला त्यानें तो शेजाऱ्यास द्यावा, अशी ही सहकारी रीत आहे. टॉरेंट म्हणून जी लहानशी फाइल मिळते ती म्हणजे या तुकड्यांची यादी होय. ही रीत चोरांचीच आहे असा एक समज सुशिक्षितांतहि आढळतो. तो चुकीचा आहे. लिनक्सच्या कित्येक आवृत्त्या अधिकृतपणें याच मार्गानें वांटल्या जातात. परवानगीवांचून दुसऱ्याचे चित्रपट घेणें हें १९५७ च्या कॉपीराइट कायद्याविरुद्ध आहे, आणि त्याची सोय सांगण्यासाठीं हें भाषण नाहीं.

दुसरी गोष्ट फीड. १९९९ सालीं नेटस्केप कंपनींत आर.एस.एस. नांवाची पद्धति निघाली, व २००२ सालीं तिची २.० ही आवृत्ति झाली. कचेरीबाहेरील सूचनाफलकासारखी ती असते: नवी वस्तु निघाली कीं वर तिची नोंद लागते, जुनी नोंद खालून निघून जाते. वर्गणीदारानें घरच्या सॉफ्टवेअरला फलकाचा पत्ता द्यावयाचा व नियम सांगावयाचा: अमुक शब्द दिसला कीं ती वस्तु आणावी. येथें एक गैरसमज फार होतो. फलक घरीं येऊन कांहीं सांगत नाहीं. आपला नोकरच ठराविक वेळानें तेथें जाऊन तो वाचतो. क्यूबिटटॉरेंट या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें ही फेरी मुळांत दर ३० मिनिटांनीं ठेविलेली असते, म्हणजे दिवसांतून ४८ वेळां. प्रत्येक फेरींत नोकरानें आठवावयाचें कीं यांतील कोणती नोंद आपण पूर्वीं पाहिली आहे. त्याची ही आठवण बिघडली कीं तीच वस्तु पुन्हां दारांत.

म्हणून आधीं फीडची आपोआप उतरवून घेण्याची कळ बंद करावी. दुरुस्ती चालू असतां नळ वाहता ठेवण्यांत शहाणपण नाहीं. मग आलेल्या प्रती खरोखर एकच आहेत काय, तें पाहावें. नांवावर विश्वास ठेवूं नये. प्रत्येक टॉरेंटला इन्फो हॅश नांवाची खूण असते. जुन्या व अद्याप सर्रास चालणाऱ्या पद्धतींत ती ४० अक्षरांची असते. दोन प्रतींची ही खूण ताडून पाहिली कीं अर्धा रोग कळतो.

खूण तीच निघाली तर एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. जें टॉरेंट यादींत अजून आहे, तेंच पुन्हां आलें तर बहुतेक सॉफ्टवेअर तें दुसऱ्यांदां उतरवीत नाहींत. अर्थात् ज्याच्या घरीं तीच खूण परत येते, त्यानें पहिली प्रत यादींतून काढून टाकलेली असते. हें अगदीं स्वाभाविक आहे. काम झालें, फाइल दुसऱ्या जागीं हलविली, यादी स्वच्छ केली. पण नोंद फलकावर अजून लटकत असते. आणि नोकराची फीडविषयींची आठवण कोठें पुसली गेली असेल तर यादींतहि कांहीं न दिसल्यानें तो मुकाट्यानें पुन्हां आणावयास जातो. यादींतून काढण्याची घाई करूं नये, यास आणखी एक कारण आहे: घेतलेलें थोडा काळ दुसऱ्यास देत राहणें हा या सहकाराचा धर्म आहे. मात्र दिलेलेंहि आपल्या मर्यादेंत मोजलें जाऊं शकतें, तेव्हां देण्याच्या वेगास लगाम घालून ठेवावा.

आठवण पुसते कशी? फीड काढून पुन्हां जोडली म्हणजे पुसते. आणि गंमत अशी कीं त्रास होऊं लागला कीं पुष्कळ लोक पहिला उपाय हाच करतात. वीज अचानक गेल्यानेंहि पुसूं शकते, कारण कांहीं सॉफ्टवेअर आपली वही क्षणोक्षणीं न लिहितां मधून मधून लिहितात. पावसाळ्यांत वीज जेथें वारंवार जाते, तेथें हें कारण हलकें मानूं नये. तिसरें कारण मर्यादेचें. प्रत्येक फीडच्या किती नोंदी ध्यानांत ठेवावयाच्या याचा आंकडा असतो; क्यूबिटटॉरेंटमध्यें तो मुळांत ५० असतो. फलकावर शंभर नोंदी असून ध्यानांत पन्नासच राहात असतील, तर गळलेली नोंद पुन्हां नवी भासण्याचा संभव आहे, विशेषतः नोंदींवर तारीख घातलेली नसेल तेव्हां. आंकडा फलकावरील नोंदींहून मोठा करावा, एवढाच उपाय.

पण कित्येकदां दोष घरचा नसतोच. आर.एस.एस. २.० मध्यें प्रत्येक नोंदीस जीयूआयडी नांवाची कायम ओळख देण्याची सोय आहे; मात्र ती ऐच्छिक आहे. डिसेंबर २००५ मध्यें प्रमाण झालेल्या ॲटम पद्धतींत अशी ओळख सक्तीची केली, तें योग्यच झालें. ओळख नसली कीं सॉफ्टवेअर दुव्यावरून अथवा शीर्षकावरून ओळखूं पाहतें. आणि दुव्याच्या शेवटीं दर वेळीं बदलणारीं अक्षरें असलीं तर तीच नोंद दर फेरीस नवी ठरते. रोज नवी पगडी घालून येणाऱ्या माणसास केवळ पगडीवरून ओळखावयाचें, तसा हा प्रकार. ताडून पाहणें सोपें आहे: फीडचा पत्ता ब्राउझरमध्यें उघडून एका नोंदीचा दुवा लिहून घ्यावा, तासाभरानें पुन्हां उघडून पाहावा.

आतां खूण निराळी निघाली तर? तेव्हां सॉफ्टवेअर निर्दोष असतें. त्याच्या दृष्टीनें त्या भिन्न वस्तु आहेत. फाइलीच्या नांवांतील एक अक्षर बदललें तरी खूण बदलते. प्रकाशकानें चूक सुधारून तीच वस्तु पुन्हां लावली, किंवा एकच वस्तु दोन दर्जांत ठेविली, किंवा आपला नियमच ढिला आहे, यांपैकीं कांहींतरी असतें. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. त्याची इंटरनेटवांचून वाचतां येणारी प्रत किविक्सतर्फे मिळते, आणि तिच्या नांवांतच वर्ष व महिना लिहिलेला असतो. अशा वस्तूसाठीं नियमांत केवळ ‘विकिपीडिया’ लिहून मोकळें झालेल्या माणसानें प्रत्येक नवी आवृत्ति आल्यावर नवल करण्याचें कारण नाहीं. नियमांत नको असलेले शब्दहि लिहितां येतात, आणि एकदां वस्तु आल्यावर अमुक दिवस नियम गप्प बसवितां येतो. मालिकेच्या भागांसाठीं भाग-क्रमांक ओळखणारी निराळी चाळणी असते. ती लिनक्सच्या फाइलींस लागूं पडत नाहीं, आणि मालिकेंतहि ‘रीपॅक’ अथवा ‘प्रॉपर’ म्हणून सुधारलेला भाग आला तर त्यास ती आंत सोडते. ती मुभा सेटिंगमध्यें काढून टाकतां येते.

एक कारण फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कांहीं जण टॉरेंट फाइली एका फोल्डरमध्यें सांठवितात, आणि सॉफ्टवेअरला त्याच फोल्डरवर लक्ष ठेवण्यास सांगतात. वापरलेली चिठ्ठी तेथून हलविण्याची सोय लावलेली नसेल, तर फीड बंद असूनहि जुन्या चिठ्ठ्या पुन्हां उचलल्या जाण्याचा धोका राहतो. फीड बंद केल्यावरहि वस्तु येतच राहिली तर प्रथम येथें पाहावें. आणि मग घरांत दुसऱ्या संगणकावर तोच नियम चालू नाहीं ना, तें विचारावें.

कारण सांपडल्यावर सर्व नियम एकदम चालू करूं नयेत. एक चालू करून दिवसभर पाहावें, मग दुसरा. दोष प्रकाशकाच्या फीडचा निघाला तर त्यास कळवावें. पत्रांत फीडचा पत्ता, नोंदीचें नांव आणि वेगवेगळ्या वेळीं दिसलेले दोन दुवे जसेच्या तसे द्यावेत. परंतु कांहीं ठिकाणीं दुव्यांत वर्गणीदाराची स्वतःची गुप्त खूण गुंफलेली असते, तेवढी खोडून मगच पत्र पाठवावें.